आबांचं घड्याळ आणि उपरण्याखालचा सौदा

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि चुलत्यांची शेताची वाटणी झाली तेव्हा घरात कुणाचा आवाज चढला नाही. बांध ठरले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, सगळ्यांनी चहा घेतला आणि आपापल्या घरी गेले. भांडण झालं ते घड्याळावरून, आणि ते अजून चालू आहे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक. लोक म्हणतात, एका घड्याळासाठी माणूस एवढी वर्षं धुमसतो का? लोकांना म्हणायला काय जातंय. घड्याळ त्यांचं गेलेलं नाही.

हे वेड आमच्यात माझ्या आज्यापासून आहे. आज्याकडं घड्याळ नव्हतं, नुसतं वेड होतं. कळंबच्या एसटी स्टँडवरचं घड्याळ बरोबर चालतंय का, हे बघायला तो रोज सकाळी चालत जायचा आणि परत येऊन घरात सांगायचा, "आज बरोबर हाय" किंवा "आज बिघडलंय." कशावरून ठरवायचा, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काठी बसली असती. राग आमच्या घरात घड्याळाच्याही आधीपासून आहे.

आबांच्या हाती मात्र खरं घड्याळ आलं. आबा बाजारात बैलांची दलाली करायचे. बैलाचा भाव तेव्हा तोंडानं होत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालत, एकमेकांची बोटं धरत, दाबत, सोडत, आणि वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा मारत. किती बोटं धरली यावर भाव कळायचा. बघणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसे. आबांचा उजवा हात या कामाला राखीव, म्हणून घड्याळ डाव्या मनगटावर. ते त्यांना एका कर्नाटकातल्या व्यापाऱ्यानं दलालीच्या बदल्यात दिलं होतं. पांढरी तबकडी, निळे काटे, आणि खाली सेकंदाची चिमुकली वेगळी तबकडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच दारात गिऱ्हाइकं यायची. पैशाऐवजी घड्याळ घेऊन आबा घरी आले त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही. आबांना त्याचं काही वाटलं नाही. ते उपाशीपोटी घड्याळ कानाला लावून बसले होते.

रोज सकाळी दात घासून झाले की आबा चावी द्यायचे. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. एकदा माझी आत्या मध्येच बोलली, तर आबांनी सगळी चावी उतरेपर्यंत तिच्याशी अबोला धरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून चावी दिली. मी त्यांच्या मांडीजवळ बसून बघायचो. मला ते म्हणायचे, "एकट्यानं एक सौदा जमवून दाव. घड्याळ तुझं."

मी जमवला. शाळेत होतो तेव्हा. एका गोऱ्ह्याचा सौदा, समोर मिशीवाला पक्का माणूस, आणि उपरण्याखाली माझी काडीसारखी बोटं. त्यानं माझा हात एवढा आवळला की डोळ्यांत पाणी आलं, पण मी भाव सोडला नाही. आबा लांब उभे राहून आभाळाकडं बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "ताईचं लगीन उरकू दे. मग बांधतो तुझ्या हाताला."

लग्न उरकलं, आणि तिथंच माझा घात झाला.

नवरदेवानं जेवणाच्या पंगतीत रुसायचं, ही आपल्याकडची जुनी तऱ्हा. ताट पुढं आलं की हात आखडून बसायचं. सासऱ्यानं विचारायचं, काय कमी पडलं? मग जावयानं लाजत काहीतरी मागायचं, ते आधीच आणून ठेवलेलं असतं, ते द्यायचं, सगळ्यांनी हसायचं आणि जेवायचं. आम्ही सायकल आणून ठेवली होती. हँडलला लाल रिबीन बांधून. दाजी हात आखडून बसले. आबांनी सायकल पुढं केली. दाजींनी सायकलीकडं बघितलंच नाही. आबांच्या मनगटाकडं बघत म्हणाले, "किती वाजले?"

आबांनी वेळ सांगितली.

"मला दिसंना झालंय इथनं," दाजी म्हणाले.

पंगत हसायला लागली. वऱ्हाडातला कुणीतरी ओरडला, "आवं, सोडा की हातचं! पोरगी दिली, घड्याळाला काय रडताय?" आबा उठले, पट्टा सोडला आणि दाजींच्या मनगटावर बांधला. बैलबाजारात भल्याभल्यांना पाणी पाजणारा माणूस, पण पंगतीसमोर एका शब्दात पडला. मी पाण्याची बादली आपटली. पाणी भाताच्या परातीत गेलं. त्याबद्दल मला आईकडून मार बसला, तो वेगळा.

ती सायकल मला मिळाली. तिच्यावरूनच मी मोंढ्यात कामाला जायला लागलो, पोती उचलली, मापं केली, मग काटा माझा झाला, मग गाळा माझा झाला. आज कळंबच्या मोंढ्यात माझी आडत आहे आणि भाव पाडण्यात माझा हात धरणारा अजून यायचाय. सगळे सांगतात, त्या सायकलीनंच तुला वर काढलं. काढलं असेल. सायकल कानाला लावून बसता येत नाही.

हाती चार पैसे खेळायला लागल्यावर मी घड्याळं घ्यायला लागलो. जुनी, चावीची. सोलापूरला, लातूरला, कुठं कुणाच्या आजोबांचं कपाटात पडलेलं. किंमत ऐकली की मी चप्पल घालून निघतो, पायरीवर थांबतो, परत येतो. असं तीन-चारदा झालं की समोरचा कंटाळून देतो. एका म्हातारीनं तर घड्याळ हातात कोंबलं आणि म्हणाली, "घे बाबा, पर आता ये-जा बंद कर, उंबरा झिजला." अशी पेटी भरली. त्यांना मी चावी देत नाही. चालवलं की मशीन झिजतं. कापडात गुंडाळून, कुलूप लावून ठेवतो. पण पेटी उघडली की मला जे नाही तेच दिसतं.

माझ्या पोराला यातलं काही लागलं नाही. त्याच्या मनगटावर रबरी पट्ट्याचं एक काळं चौकोनी यंत्र असतं, ते त्याला किती पावलं चाललास ते सांगतं. घरातून गाडीपर्यंत चालतो आणि अभिनंदन येतं. मी ठरवूनच टाकलं होतं की हे वेड माझ्यावर संपणार.

आबा म्हातारे झाले तसे दर दोन-तीन महिन्यांनी अणदूरला जायला लागले, दाजींच्या गावी. सांगायचे, खंडोबाचं दर्शन घेतो. तो देव वर्षातले काही महिने अणदुरात नसतोच, नळदुर्गाकडं मैलारपुरात जातो. आबा तेव्हाही दर्शनाला जायचे. परत आले की मी विचारायचो, "कसं काय?"

"बरं हाय. जरा मागं पडतंय."

"थंडीत?"

"थंडीत जास्त. पट्टा बदललाय. तपकिरी."

"तपकिरी? त्याला काळाच शोभतो."

"म्या सांगितलं. पर त्येंच्या घरात आता."

सासरी दिलेल्या पोरीची चौकशी करावी तशी आम्ही बापलेक त्या घड्याळाची करायचो. खरी पोरगी तिथं होती, माझी ताई. तिची चौकशी त्यानंतर.

यंदा ताईच्या पोरीचं लग्न ठरलं. ताईचा फोन आला. तारीख सांगितली, हॉल सांगितला, आणि जाता जाता म्हणाली, "हे म्हणत्यात, जावयाला आबांचंच घड्याळ बांधायचं. घराण्याची चाल हाय म्हणं."

घराण्याची चाल! ज्या माणसानं चालत्या पंगतीत घड्याळ उतरवून घेतलं, त्याच्या घराण्याची चाल! मी फोनवर जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आहेराचं पातळ कोणत्या रंगाचं आणतोयस?"

मग मी डोकं लावलं. व्यापारात माझा एक नियम आहे. समोरच्याला जे फक्त तुमच्याकडूनच मिळणार आहे, ते शोधून काढायचं. दाजींना माझ्याकडून काय लागतं? तूर लागत नाही, पैसा लागत नाही. पण त्यांच्या पोरीचा मामा जगात एकच आहे. आणि लग्न लागायच्या वेळी भटजी काय पुकारतात? मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा नसला तर पोरगी मांडवात येत नाही. ताईला दुसरा भाऊ नाही. माझं मलाच एवढं कौतुक वाटलं की त्या दिवशी मी एका शेतकऱ्याला सांगितला तोच भाव दिला.

लग्नाच्या दिवशी मी अणदूरच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी हजर. कडक इस्त्रीचे कपडे, फेटा, पाहुण्यांना पाणी, भटजींना चहा. कुणाला संशय नाही. मुहूर्त जवळ आला, अक्षता वाटून झाल्या, तसा मी उठलो आणि कोठीच्या खोलीत जाऊन साखरेच्या पोत्यावर बसलो. शेजारी बुंदीच्या पराती. बाहेर लाउडस्पीकरवर आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी बुंदी खाल्ली. पुन्हा आवाज आला. पुन्हा खाल्ली.

तिसऱ्या पुकाऱ्याला दाजी आत आले. कोट घामानं भिजलेला.

"अहो, तुम्ही इथं? भटजी बोंबलायलेत!"

"बोंबलू द्या," मी म्हणालो. "मी रुसलोय."

"काय?"

"रुसलोय. तुम्हाला म्हाईत हाय रुसवा. तुम्हीच शिकवला."

दाजींना कळायला वेळ लागला नाही. आम्ही दोघंही सगळं आयुष्य त्याच एका गोष्टीचा विचार करत आलोय. "यप्पा!" त्यांनी कपाळावर हात मारला. रागावले की ते कानडीत जातात. त्यानंतर बरंच कानडी झालं. मला त्यातलं कळतं, पण मी कळत नसल्यासारखा चेहरा केला, सौद्यात ते बरं पडतं.

"घड्याळ द्या, पोरगी घेऊन येतो," मी म्हणालो.

"माझ्याकडं हाय कुठं?" दाजी म्हणाले. "तिनं घेतलं."

"कोणी?"

"तुमच्या भाचीनं! तिला डीजे पायजे व्हता. म्या म्हणलं, न्हाय. म्हणाली, डीजे सोडते, घड्याळ मला द्या, नवऱ्याला न्हाय. मी खूश झालो, डीजे वाचला. मागनं कळलं, तिला डीजे नकोच व्हता."

मी काही बोलायच्या आत दार उघडलं आणि भाची स्वतःच आली. शालू, मुंडावळ्या, कोपरापर्यंत मेंदी. मागोमाग आबा, काठी टेकत. आणि भाचीच्या डाव्या मनगटावर, हिरव्या चुड्याच्या वर, पांढरी तबकडी, निळे काटे. पट्टा काळा.

"मामा, रुसवा नवरदेवानं करायचा असतो," ती म्हणाली. "मामाच्या फेट्याला शोभत न्हाय."

"ते घड्याळ माझं हाय."

"व्हय? चालू कुणी ठेवलं? पप्पांच्या हातात ते दोन वर्षं बंद पडलेलं. म्या सोलापुरास्न भिंग आणलं, मोबाईलवर बघून उघडलं, आबांनी शेजारी बसून शिव्या दिल्या, तवा चालू झालं."

मी आबांकडं बघितलं. आबा बुंदीच्या परातीकडं बघत होते.

"आबा, तुम्ही हिला शिकवलं?"

"पोरीला हात हाय," आबा म्हणाले. "तुझ्या पोराला म्हणलं, शिक, तर म्हणला, आबा, मोबाईलात टाइम हाय की. मग म्या काय करावं? संगं घेऊन जावं?"

बाहेर भटजींनी पुन्हा पुकारलं. या खेपेला आवाजात देवधर्म कमी होता. भाचीनं आबांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "चला. बसा सौद्याला. पाहुण्यांसमोर तोंडानं नको."

दाजी आ वासून बघत राहिले. आमच्या बाजारात बाईमाणसानं उपरण्याखाली हात घातलेला मी कधी पाहिला नव्हता. आबांनी पोत्यावर बैठक मारली आणि सवयीनं आभाळाकडं, म्हणजे कोठीच्या पत्र्याकडं बघायला लागले. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

मी उपरण्याखाली हात घातला आणि एक बोट पुढं केलं. अर्थ स्पष्ट होता. ते एक घड्याळ मला दे.

तिनं माझं बोट धरलं, हळूच मुडपलं आणि स्वतःची दोन बोटं माझ्या तळहातावर दाबली. बांगड्या वाजल्या. हे माझ्याकडंच राहणार, वर तुमच्या पेटीतली दोन द्या.

माझं डोकं फिरलं. दोन! माझ्या पेटीतली दोन! एकेक घड्याळ मी कुणाकुणाचे उंबरे झिजवून आणलेलं. मी तिची दोन्ही बोटं झिडकारली. ती म्हणाली, "मामा, यंदा पाऊस कसा काय तुमच्याकडं?" आणि पुन्हा दोन दाबली. मी म्हणालो, "बरा हाय, सोयाबीन चांगलं आलं," आणि मूठ बंद केली. तिनं मूठ उघडली. मी नख लावलं. तिनं बांगडी रुतवली. दाजी मधेच म्हणाले, "पाच मिनिटं राहिली मुहूर्ताला," तसं आम्ही दोघं एकदम त्यांच्यावर खेकसलो.

शेवटी मी ठरवलं, दोन देणार नाही म्हणजे नाही. काय वाट्टेल ते झालं तरी हिला अर्ध्यावर आणायचं. एक बोट धरलं आणि असं आवळलं की आता हालणार नाही. तिनं ओढ घेतली, तोंड वाईट केलं, सुस्कारा टाकला, आबांकडं बघितलं, आणि हात ढिला सोडला. सौदा एकावर ठरला. मी विजयानं उपरणं झटकून आबांच्या खांद्यावर टाकलं. पोरीला निम्म्यावर आणलं होतं.

मग मी तिचा दंड धरून तिला मांडवात नेलं. लोक टाळ्या वाजवत होते, मी मान ताठ करून चालत होतो. अंतरपाटाच्या अलीकडं तिला उभी केली, मागं उभा राहिलो, मंगलाष्टकं सुरू झाली. दुसरं मंगलाष्टक चालू असताना मला कळलं. मी एक घ्यायला गेलो होतो आणि एक देऊन आलो होतो.

"आयला!" मी म्हणालो.

माझ्या अक्षता भटजींच्या कानात गेल्या. पुढच्याच श्वासाला त्यांनी "सावधान" म्हटलं. मला ते अगोदर म्हणायला काय झालं होतं?

समोर आबा खुर्चीत बसून हसत होते. पूर्वी बाजारात एखादं गिऱ्हाईक चांगलं कापलं गेलं की ते तसेच हसायचे, खांदे हलवत, आवाज न करता. माझ्या वाट्याला ते हसणं पहिल्यांदाच आलं.

पंगतीला ताई वाढायला आली. माझ्या पानात लाडू ठेवताना म्हणाली, "तुला घड्याळ पायजे व्हतं तर माझ्याकडं मागायचं. माझ्या लग्नात गेलेलं ते. तू आबांवर रुसलास, ह्यांच्यावर रुसलास. मला कुणी इचारलं का?"

"दिलं असतंस?"

"न्हाय," ताई म्हणाली आणि पुढच्या पानाकडं गेली.

आठवड्यानं भाची नवऱ्याला घेऊन कळंबला आली. सौद्याचं घ्यायला. शब्द तो शब्द, मी पेटी पुढं ठेवली. तयारी अर्थातच आधी केली होती. त्यातली चांगली चार-पाच मी काढून तिजोरीत ठेवली होती, गाळ तेवढा पेटीत. भाचीनं एकेक उचलून कानाला लावलं, परत ठेवलं. मग म्हणाली, "मामा, तिजोरीतली बघू की."

"कसली तिजोरी?"

"देवघराच्या मागची. किल्ली तांदळाच्या डब्यात."

किल्लीची जागा घरात दोघांनाच माहीत होती. त्यातला एक मी. दुसरे ओट्यावर बसून भाचीच्या नवऱ्याच्या मनगटाकडं बोट दाखवत विचारत होते, "जावईबापू, हे काळं चौकोनी किती पावलं सांगतंय?"

तिनं सोनेरी कडेचं निवडलं, सगळ्यांत चांगलं. चहा झाला, नमस्कार झाले, आणि आबांनी आपली पिशवी उचलली. "जरा जाऊन येतो," म्हणाले. "खंडोबाला." त्यांच्याच गाडीत बसून गेले.

संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो तर आतल्या खोलीतून बारीक आवाज येत होता. पेटी उघडली. मी चहा सांगायला गेलो तेवढ्यात पोरीनं एकूण एक घड्याळाला चावी दिली होती. सगळी चालू. वेळसुद्धा लावलेली. मी तिला फोन लावला आणि पोट भरून बोललो, मशीन झिजतं, तेल वाळलेलं असतं, कुणी सांगितलं होतं हात लावायला? तिनं ऐकून घेतलं, अगदी तिच्या आईसारखं.

"मामा, तिसऱ्या ओळीतलं चौकोनी मागं पडतंय का पुढं?" तिनं विचारलं.

मी फोन धरूनच बघितलं. ते बाकीच्यांच्या बरंच मागं होतं.

"मागं," मी म्हणालो.

पलीकडून आबांचा आवाज आला, "त्येला सांग, सकाळी दात घासून चावी दे म्हणावं. आन् मध्ये बोलू नको."